माळावरचा वसंत: मेंढरं आणि रानफुलं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातकणंगले तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचा 5 एकर माळ आहे, खालच्या अंगाला थोडा ऊस आहे आणि 30-32 मेंढरं आहेत. महाशिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरकडची माणसं पोराबाळांना घेऊन इथं येतात. झाडं बघतात, कोकरं उचलून घेतात आणि बरंच काही विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची आमच्या अनुभवातली उत्तरं इथं दिली आहेत.

फुलं बघायला नेमकं कधी यावं?

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो. माळावर तो महिना-दीड महिना आधीच सुरू झालेला असतो. माघ सरत आला की पांगारा आणि सावर फुलतात. महाशिवरात्रीच्या आसपास पळसाच्या काळ्या कळ्या फुटायला लागतात आणि शिमग्याला झाड पुरतं पेटतं. पाडव्यापर्यंत पळस उतरणीला लागतो. तोवर कडुनिंबाचा बारीक मोहर आणि करंजाची पांढरी-जांभळी फुलं आलेली असतात. बहावा सगळ्यांत उशिरा येतो, एप्रिलच्या मध्यानंतर, आणि मे महिनाभर टिकतो.

एकदाच येणं जमणार असेल तर होळी ते रंगपंचमी या पाच दिवसांत या. दुसऱ्यांदा जमलं तर जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर पंधरा दिवसांनी, बहाव्यासाठी. कधीही आलात तरी सकाळी सातला पोचा. नऊनंतर ऊन चढतं, पाखरं गप्प होतात, आणि दहा-साडेदहाला मेंढरंसुद्धा सावलीला जातात.

फोटोत दिसतात तसे फुलांचे गालिचे कुठं आहेत?

ते या दिवसांत नसतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर किंवा साताऱ्याकडच्या कासला जे गालिचे दिसतात ते श्रावण-भाद्रपदातले, पावसावर वाढणाऱ्या बारक्या रोपांचे. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं ही सगळी पावसाची लेकरं. फाल्गुनात माळाच्या वरच्या वीतभर मातीत ओलच उरत नाही, मग ती रोपं जगणार कशावर? ती बी टाकून केव्हाच निघून गेलेली असतात.

आपल्याकडचा वसंत झाडांवर असतो. ज्याची मुळं खोल, त्यालाच या दिवसांत फुलणं परवडतं. तेही पानं गाळून, कारण पानांतून पाणी उडून जातं. पानं नसली की फूल लांबून दिसतं, आणि पळस, पांगारा, सावर या तिघांनाही पाखरांची गरज असते. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर फुलातला रस प्यायला येतात आणि कपाळाला पराग लावून पुढच्या झाडावर जातात. यामागचा हिशोबही पक्का आहे. आता फूल आलं तर पावसाच्या तोंडाला शेंग वाळून खाली पडते आणि बी ओल्या मातीत रुजायला मोकळं होतं. झाडाने हे गणित कुठे शिकलं असेल, याचा विचार करत मी कितीतरी सकाळी पळसाखाली उभी राहिले आहे.

मग जमिनीवर काहीच फुलत नाही?

फुलतं, पण त्यासाठी खाली बसावं लागतं. भुईरिंगणी मातीला चिकटून पसरते. तिचं फूल जांभळं, मधे पिवळा तुरा, आणि पानावर काटे एवढे की बोट लावायला नको. एकदांडी बांधाच्या कडेला बारा महिने असते. उन्हाळी नावाचं झुडूप नावाप्रमाणे उन्हाळा सोसतं, त्याला वाटाण्यासारखी बारकी गुलाबी-जांभळी फुलं येतात. उंटकटारीचे काटेरी गोंडे बहुतेक वाळलेले असतात, तरी उभे राहतात. रुई आणि पिवळा धोतरा तर पडक्या जागीही हटत नाहीत. मुलांना भिंग द्या आणि एका चौरस हात जागेत किती जातीची पानं आहेत ते मोजायला सांगा. आमच्याकडे आलेल्या एका शाळेतल्या मुलांनी चैत्रात, वाळलेल्या माळावर, अकरा मोजली होती.

मेंढरं फुलं खातात का?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न आहे. हो, खातात. पण खाली पडलेली.

शेळी मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढते. मेंढरू मान खाली घालून चरतं. त्यामुळे झाडावरचा वसंत मेंढरापर्यंत पोचतो तो गळून पडल्यावरच. सावरीचं फूल जाड, मांसल आणि ओलसर असतं. पहाटे सावरीखाली फुलांचा सडा पडलेला असतो, आणि वाघर, म्हणजे कळपाभोवती लावलेलं जाळीचं कुंपण, उघडली की आमची मेंढरं बाकी कशाकडे न बघता थेट त्या झाडाकडे धावतात. जमिनीवर पडताना फुलाचा होणारा 'धप्प' आवाज त्यांना ओळखू येतो. चरता चरता एखादी मान वर करते, कान टवकारते आणि आवाजाच्या दिशेने चालू लागते. पळसाची फुलंही खातात, पण तेवढ्या हौसेनं नाही. करंजाच्या फुलांना तोंड लावत नाहीत.

पुढे एप्रिल-मे महिन्यांत बाभळीच्या शेंगा येतात. त्या म्हणजे आमच्या मेंढरांचा उन्हाळ्यातला खुराकच. माळावरचं गवत तोवर नुसतं पिवळं चिपाड उरलेलं असतं, त्यात पोट भरतं पण अंग धरत नाही. शेंगांतलं बी ती उणीव भरून काढतं. आमचे आबा आकडी लावलेल्या काठीनं फांदी हलवतात आणि शेंगा सगळीकडे सारख्या पसरून टाकतात, कारण ढीग झाला की दांडगी मेंढी एकटीच खाते आणि तिचं पोट फुगतं. उरलेल्या शेंगा पोत्यात भरून ठेवतो आणि मूठ-मूठ करून जूनपर्यंत पुरवतो.

सुबाभूळही लोक हौसेनं लावतात. पाला चांगला आहे, पण तोच तो रोज घातला तर मेंढीची लोकर गळायला लागते. वैरणीत चौथाई-तिहाईपेक्षा जास्त घालू नये.

कोणत्या फुलझाडांपासून मेंढरांना धोका आहे?

पहिलं नाव घाणेरीचं. तिलाच कुणी टणटणी म्हणतं. केशरी-पिवळ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ बघून पाहुण्यांना तिचंच कौतुक वाटतं. ती मूळची अमेरिका खंडातली, शोभेसाठी आणलेली आणि नंतर डोंगरभर पसरलेली. मेंढरं सहसा तिला खात नाहीत, पण वैशाखात दुसरं हिरवं काही उरलं नाही की खातात. मग यकृत बिघडतं, कावीळ होते आणि ऊन सोसेनासं होतं. कान, नाक, डोळ्यांभोवतीची कातडी सुजते, सोलून निघते. काळ्या तोंडाच्या मेंढीला कमी त्रास होतो, पांढऱ्या कातडीच्या जागी जास्त. आमची एक दोनदाती, म्हणजे तरुण, मेंढी अशीच गेली. तिच्या कानांच्या कडा लाल झालेल्या मला दिसल्या होत्या, पण माशांनी चावलं असेल म्हणून मी एक दिवस वाट बघितली. तुम्ही बघू नका. लगेच अंधाऱ्या सावलीत बांधा आणि पशुवैद्यकांना बोलवा.

दुसरी कण्हेर. घराच्या कुंपणाला लावलेली कण्हेर छाटून फांद्या रस्त्याकडेला टाकतात, तिथून कळप जातो. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा मेंढरू मारायला पुरतात, वाळलेली असली तरीही. कृपा करून त्या फांद्या जनावर पोचणार नाही अशा ठिकाणी टाका.

आणि तिसरा धोका फुलाचा नाही, पण याच दिवसांतला आहे. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, काढल्यावर रानात खुंट राहतात. वळवाचा पाऊस पडला की त्यांना कोवळे, हिरवेगार फुटवे येतात. त्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, आणि भुकेलं मेंढरू तिथं घुसलं तर तासाभरात आडवं होतं. उन्हाळ्यात हिरवं दिसलं की माणसालाही मोह होतो, तिथं जनावराची काय कथा.

रुईचा चीक कडू असतो, ती मेंढरंच टाळतात.

वसंतात कोकरं बघायला मिळतील का?

थोडी मिळतील. हिरव्या कुरणात, फुलांमधे उड्या मारणारी वसंतातली कोकरं हे थंड मुलखातलं चित्र आहे. तिथं बर्फ वितळून गवत उगवतं तेव्हा मेंढ्या वितात. आपल्याकडे गवत पावसात येतं. पोट भरलेल्या मेंढ्या आषाढ-श्रावणात माजावर येतात, साधारण 150 दिवस गाभण राहतात आणि मार्गशीर्ष-पौषात वितात. त्यामुळे तुम्ही शिमग्याला याल तेव्हा ती कोकरं दोन-तीन महिन्यांची, भरपूर वांड झालेली असतात.

चैत्रात विणाऱ्या दोन-चार मेंढ्या दरवर्षी निघतातच. त्या बघायला लोकांना आवडतात, पण मला त्यांची काळजी वाटते. आईला हिरवं मिळत नाही, दूध उतरत नाही, आणि कोकराला ऊन सोसत नाही. अशा मेंढीला आम्ही वेगळी बांधून उसाचं वाडं (शेंड्याची हिरवी पानं), मका भरडा आणि थोडी पेंड देतो. कोकराला जन्मल्यावर पहिल्या तासातच चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पाजतो. या आईकोकरांजवळ जाताना आधी विचारा. आईला वास परका लागला तर ती कोकराला पाजायचं नाकारते.

ही मेंढरं कोणत्या जातीची?

दख्खनी. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाच्या पठारावरची ही जुनी, काटक जात. रंग काळा, पांढरा किंवा दोन्हींचं मिश्रण; नाकाचा बांक ठळक. मोठी मेंढी 30 किलोच्या आसपास भरते. बहुतेक एकच कोकरू देते. जुळी हवी असतील तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळ्यांचा गुण आणून तयार केलेली 'नारी सुवर्णा' आहे. माडग्याळही वजनाला चांगली, ती जत भागातली. पण लांब चालणं, वाळल्या गवतावर निभावणं यात दख्खनीच आमची.

लोकर कधी कातरता? घोंगडी इथं मिळेल का?

वर्षातून दोनदा. एकदा ऊन चढायच्या आधी, फाल्गुनात, आणि एकदा पावसाळा सरल्यावर. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्याच्या डोहात घालून धुतो, म्हणजे माती आणि कुसळं निघतात. कुसळीच्या गवताचं टोक सुईसारखं असतं. ते लोकरीतून कातडीत शिरतं आणि जखम करतं, म्हणून कातरताना हातानं चाचपून एकेक काढावं लागतं.

एका मेंढीची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलो. ती जाडीभरडी असते, स्वेटरची नव्हे, घोंगडीची. खरं सांगायचं तर आज कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही, आणि कितीतरी जण ती बांधावर टाकून देतात. मला ते बघवत नाही. आम्ही आमची लोकर एका सणगर कुटुंबाला देतो. ते पिंजून सूत काततात, मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडं कडक करतात. चिंचा झोडायचा हंगामही हाच. आमच्या बांधावरच्या चिंचेचे चिंचोके लोकरीबरोबरच त्यांच्या घरी जातात. घोंगडी विकायला आमच्याकडे नसते. हवी असेल तर आम्ही तुम्हाला त्यांच्या दारात नेऊन सोडू, भाव तुम्ही त्यांच्याशीच ठरवा. मात्र घासाघीस करू नका, हात बघा त्यांचे.

आमच्या भागात लोकरीला मान आहे तो देवाच्या दारी. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, खारीक आणि लोकर उधळतात.

मेंढरं रात्री दुसऱ्याच्या शेतात का बसवलेली असतात?

खतासाठी. ऊस तुटल्यावर किंवा शाळू निघाल्यावर रान मोकळं होतं. शेतकरी बोलावतो, आम्ही वाघर लावून कळप रात्रभर तिथं बसवतो, आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात सरकवतो. लेंडी आणि मूत दोन्ही थेट मातीत जातं. मोठे कळप असलेले धनगर बांधव धान्य किंवा पैसे घेऊन गावोगाव मेंढरं बसवतात. आमचा कळप लहान, आम्ही शेजारपाजारीच बसवतो आणि बदल्यात वाडं किंवा कडबा घेतो.

तुम्ही कोकणात जाता का?

आम्ही जात नाही, आमचे आजोबा जात. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसांचा फिरता तळ, निघायचा तो घाट उतरून, आणि पाऊस यायच्या आत परत यायचा. आजही कितीतरी वाडे जातात. एप्रिल-मे महिन्यांत घाटरस्त्यानं मेंढरांचा कळप, घोड्यावर संसार आणि वर बांधलेली कोकरं दिसली तर गाडीचा वेग कमी करा. हॉर्न वाजवू नका. पुढची मेंढी बिथरली की अख्खा कळप दरीच्या अंगाला जातो.

माळ वाळलेला आहे, पेटवून का देत नाही? नवं गवत चांगलं येईल.

हे दरवर्षी कुणीतरी सांगतं आणि दरवर्षी कुणीतरी करतंही. तीन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या अंगाला रात्री कुणी काडी लावली. आम्ही ओल्या पोत्यांनी आणि हिरव्या डहाळ्यांनी पहाटेपर्यंत आग झोडपत होतो. सकाळी काळ्या माळावर टिटवीची जोडी ओरडत फिरत होती.

टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. चार खडे गोळा केले की तिचं घरटं झालं. चंडोलही गवताच्या बुडख्याशी घरटं करतो. त्यांच्या विणीचा काळ नेमका हाच, मार्चपासून पुढचा. मेंढरं चरत चरत टिटवीच्या अंड्यांजवळ गेली की ती पंख पसरून समोर उभी राहते, आणि एवढासा तो पक्षी बघून तीस मेंढरांचा कळप दोन्ही बाजूंनी दुभंगून जातो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली काठी तशीच राहिली. मेंढरांना जे कळतं ते काडीला कळत नाही.

आगीनंतर हिरवं लवकर दिसतं हे खरं. काळी जमीन आणि राख, त्यावर कोंब उठून दिसतात. पण गवताबरोबर मेंढरांचा उन्हाळ्याचा चारा जळतो, जमिनीवर पडलेलं बी जळतं, पळसाची-बोराची लहान रोपं जळतात. मातीवरचं पांघरूण गेल्यामुळे वळवाच्या पहिल्याच जोरदार सरीत ती माती ओढ्याला लागते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आमच्या माळापुढे 'पडीक' लिहिलं आहे. पडीक जमिनीवर चंडोल गात नाही, मध होत नाही, तीस जनावरं पोसली जात नाहीत. वणवा दिसला तर आधी गावात हाक द्या, फोटो नंतर.

उन्हात मेंढरांना लोकर जड होत नाही का? पाऊस आला तर?

थोडी लोकर अंगावर असलेली बरी, ती ऊनही अडवते. दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी राहतात, म्हणजे निदान डोकं सावलीत. पाणी दोनदा दाखवतो. चारनंतर पुन्हा चरायला.

खरी भीती वळवाची. दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि गारा पडतात. नुकतीच कातरलेली मेंढी आणि लहान कोकरू अशा भिजण्यानं गारठतं. म्हणून मे महिन्यात आम्ही शेडपासून लांब जात नाही. आंत्रविषाराची लसही पावसाच्या आधीच टोचून घेतो, कारण नव्या कोवळ्या गवतावर मेंढरं तुटून पडली की तो रोग येतो आणि औषधाला वेळ देत नाही.

फुलं तोडून नेली तर चालेल?

झाडावरची नको. पळसाखाली पडलेली ओंजळभर उचला. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळलीत की केशरी रंग उतरतो. रंगपंचमीला आमची पोरं तोच खेळतात. सावरीखालची मात्र उचलू नका, ती मेंढरांची आहेत.

मधमाश्या चावतील का?

डिवचल्याशिवाय नाही. करंजावर आणि निंबावर फुलोरी आणि सातेरी माश्या असतात. डोंगराच्या कड्याला आग्यामोहोळ आहे, तिकडे धूर, फटाके, अत्तर, मोठ्यानं गाणी काही नको.

कुत्रा आणता येईल का?

नाही. आमचा कुत्रा परका कुत्रा सहन करत नाही, आणि पळापळीत गाभण मेंढी गाभडते.

मटणासाठी मेंढरू विकता का?

हो. कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. नर कोकरं पाच-सहा महिन्यांची झाली की विकतो, संसार त्यावरच चालतो. पण त्यांना आम्ही उपाशी, तहानलेलं किंवा पाय बांधून गाडीत कोंबून पाठवत नाही, आणि तसं नेणाऱ्याला देत नाही. फुलं बघायला आलेल्या मुलांसमोर हा व्यवहार करत नाही, त्यासाठी वेगळ्या दिवशी या.

येताना काय आणावं?

पाणी, टोपी, बंद बूट. बोराचे आणि बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात. दुपारी थांबणार असाल तर भाकरी, झुणका, कांदा आणि ताक आमच्याकडे असतं, फक्त आदल्या दिवशी किती माणसं ते सांगा. मेंढरांना बिस्किटं, पोळ्या, शिळा भात घालू नका. भातानं पोटात आंबून मेंढी दगावते. आणि वाघरीतून आत-बाहेर करताना दोरी परत खुंट्याला अडकवा. गेल्या शिमग्याला ती सुटी राहिली आणि रात्रीत अख्खा कळप सावरीखाली जाऊन बसला होता.